वर्गनायक कोणी निवडावा?

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या, की थोड्याच दिवसांत आपल्या शहरांतील पुष्कळ माध्यमिक शाळांत एक समारंभ होतो. त्यास 'पदग्रहण समारंभ' असे भारदस्त नाव आहे. एखादा पोलीस अधिकारी किंवा निवृत्त सेनाधिकारी पाहुणा म्हणून येतो, बँड वाजतो, विद्यार्थिप्रमुख, विद्यार्थिनीप्रमुख, क्रीडामंत्री, स्वच्छतामंत्री अशी मुले ओळीने व्यासपीठावर चढतात, त्यांच्या खांद्यावर पट्टा आणि छातीवर बिल्ला चढतो, शपथ होते, आणि संध्याकाळच्या आत त्यांची छायाचित्रे सर्व आप्तेष्टांच्या मोबाईलवर पोहोचतात. सर्व काही यथासांग पार पडते. या मुलांस निवडले कोणी, एवढा एक प्रश्न मात्र त्या दिवशी कोणी विचारीत नाही.

तो विचारला तर उत्तरे साधारणतः चार प्रकारची मिळतात. काही ठिकाणी मुख्याध्यापक आपल्या मर्जीने नावे ठरवितात. काही ठिकाणी शिक्षकांची समिती उमेदवारांच्या मुलाखती घेते आणि ज्याचे इंग्रजी अस्खलित तो निवडला जातो. काही ठिकाणी गतवर्षीच्या परीक्षेत जो पहिला आला तोच वर्गाचा नायक, असा सरळ हिशेब असतो. चौथा प्रकार सर्वांत नवा आणि सर्वांत मासलेवाईक आहे. येथे मुलांचे मत घेतले जाते, चिठ्ठ्या गोळा होतात, परंतु पेटी उघडते ती शिक्षकांच्या खोलीत. कोणास किती मते पडली हे कोणास कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर जी नावे येतात ती मुलांच्या मतांतून आली की शिक्षकांच्या, हे एका परमेश्वरालाच ठाऊक. या प्रकारास 'मुलांना निवडप्रक्रियेत सहभागी करून घेणे' असे म्हणतात!

आमचे म्हणणे पहिल्याच प्रतीस स्पष्ट सांगून टाकतो. ज्या मुलांचा तो नायक, त्या मुलांनीच त्यास गुप्त मतदानाने निवडावे. निकाल जसा लागेल तसा सर्वांसमक्ष जाहीर व्हावा. निवडून आलेल्यास खरे काम द्यावे. आणि ते काम तो करीत नसेल तर त्यास दूर करण्याचा अधिकारही त्याच मुलांपाशी असावा. शिक्षकांनी नियम करावेत, ते पाळले जातात की नाही यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे, परंतु माणूस त्यांनी निवडू नये. हे म्हणणे पुष्कळ पालकांस आणि त्याहून अधिक शिक्षकबंधूंस रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. म्हणूनच ते सविस्तर मांडणे प्राप्त आहे.

प्रथम या पदाची कुळकथा पाहू. 'मॉनिटर' हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की खेड्यातील मूलही तो सहज उच्चारते. परंतु या पदाची एक शाखा आपल्याच देशात उगवली, हे थोड्यांस माहीत असते. अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री १७८९ पासून १७९६ पर्यंत मद्रास येथील अनाथ मुलग्यांच्या शाळेचे प्रमुख होते. एका एतद्देशीय शाळेतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवीत असलेली त्यांनी पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत आणून, पुढच्या मुलाने मागच्यास शिकवावे अशी योजना केली. तिचा वृत्तांत त्यांनी १७९७ साली विलायतेत प्रसिद्ध केला आणि ती 'मद्रास पद्धती' म्हणून तिकडे गाजली. आपल्या पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरे गिरविणाऱ्या लहानग्याचा हात मोठ्या मुलाने धरावा, हा जो साधा प्रघात होता, त्याचेच हे रूप होय. तेव्हा हा मॉनिटर मुळात सोबत्यास मदत करणारा होता.

दुसरी शाखा विलायतेतील. टॉमस अर्नोल्ड हे १८२८ पासून १८४२ पर्यंत रग्बी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांनी सर्वांत वरच्या वर्गातील मुलांकडे धाकट्यांवर हुकमत चालविण्याचा आणि त्यांस शिक्षा करण्याचाही अधिकार सोपविला व त्या व्यवस्थेस नैतिक शिक्षणाचे रूप दिले. पुढे साम्राज्याचा कारभार हाकणारे कित्येक अधिकारी अशाच शाळांतून तयार झाले. ही व्यवस्था हिंदुस्थानात साहेबी वळणाच्या शाळांतून आली आणि तेथून आपल्या मराठी शाळांतही झिरपली. आज आपला वर्गनायक नावाने मॉनिटर असला तरी कामाने या दुसऱ्या शाखेचाच वंशज आहे. पट्टा आणि बिल्ला हे त्या हुकमतीचेच अवशेष होत.

तो काय करतो, हे प्रत्येक घरातील मुलास विचारून पाहावे. शिक्षक वर्गात नसताना तो फळ्यापाशी उभा राहतो आणि बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहितो. ज्याचे नाव लागले त्यास मागाहून शिक्षा होते. नाव लिहिणारा कोणाचे लिहितो, कोणाचे पुसतो, खाऊच्या डब्यातील कोणता पदार्थ दिल्याने पुसतो, या सर्व गोष्टी मुलांस तोंडपाठ असतात; माहीत नसतात त्या फक्त शिक्षकांस. दहा वर्षांच्या मुलास आपण असे शिकवितो की, अधिकार म्हणजे वरच्याच्या वतीने बरोबरीच्यांवर ठेवलेली पाळत. तो मिळवावयाचा तर वरच्याची मर्जी सांभाळावी. आणि मिळाल्यावर खालच्यांस जाब देण्याची काही गरज नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात याच्या नेमके उलट लिहिलेले असते. परंतु पुस्तकातील धडा मूल परीक्षेपुरता पाठ करते आणि फळ्यापाशी मिळालेला धडा जन्मभर पाळते.

आम्ही गेली तीस वर्षे महाविद्यालयात शिकवीत आहो. शाळेतून नव्याने आलेल्या वर्गास 'आपल्यातून एक प्रतिनिधी निवडा' असे सांगितले, की दरवर्षी एकच देखावा दिसतो. ऐंशी मुले-मुली एकमेकांकडे न पाहता आमच्या तोंडाकडे पाहतात. कोणी तरी म्हणते, 'सर, तुम्हीच सांगा ना.' ही मुले मंद नाहीत. गणितात, यंत्रात, भाषेत ती आमच्या पिढीहून पुढे आहेत. परंतु आपल्या बरोबरीच्यांतून आपला माणूस ओळखावा, त्याचे नाव धिटाईने घ्यावे, आणि पुढे तो चुकला तर त्यास तोंडावर विचारावे, ही गोष्ट बारा वर्षांच्या शाळेत त्यांच्याकडून कोणी एकदाही करवून घेतलेली नसते. यांपैकी बहुतेकांस त्याच वर्षी किंवा पुढच्या वर्षी देशाच्या कारभाराविषयी मत देण्याचा हक्क प्राप्त होतो. १९८८ साली घटनेची एकसष्टावी दुरुस्ती होऊन मतदाराचे वय एकवीसवरून अठरावर आले. म्हणजे नववीतील चौदा वर्षांचे मूल अवघ्या चार वर्षांत मतदार होते. या चार वर्षांत आपण त्यास कशाचा सराव देतो?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत आवडता आक्षेप असा की, मुले अजाण आहेत, ती चुकीची निवड करतील. हा युक्तिवाद आपल्या परिचयाचा असावयास पाहिजे, कारण तो एके काळी आपल्याविरुद्धच योजला जात असे. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक कायदेमंडळांसाठी मताचा हक्क सुमारे ३ कोटी लोकांसच दिला, आणि तोही मालमत्ता, करभरणा, शिक्षण अशा अटींवर, बाकीचे अजाण! पुढे १९५१-५२ साली जेव्हा पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते, तरी १७ कोटींहून अधिक प्रौढांस मताचा हक्क बिनशर्त देण्यात आला. आधी शहाणपण आणि मग हक्क, असा क्रम घटनाकारांनी धरला नाही. हक्क बजावूनच शहाणपण येते, हे त्यांनी ओळखले होते. पोहणे शिकल्यावाचून विहिरीत उतरू नये, असे म्हणणारा मनुष्य कोरडाच राहतो.

यावर कोणी म्हणेल की, प्रौढ निरक्षर आणि बालक यांत अंतर आहे. आहेच. म्हणूनच आम्ही मुलांकडे शाळेचा अर्थसंकल्प किंवा शिक्षकांच्या नेमणुका सोपवा असे म्हणत नाही. आपल्या सोबत्यांपैकी भरवशाचा कोण, एवढेच त्यांस ठरवू द्या असे म्हणतो. आणि या एका विषयात बालक शिक्षकाहून अधिक जाणते असते. शिक्षक मुलास फक्त समोरून पाहतो. नळाशी रांग मोडणारा कोण, सहलीत स्वतःचे पाणी दुसऱ्यास देणारी कोण, शिक्षा होण्याची वेळ आली की दुसऱ्याचे नाव पुढे करणारा कोण, हे शिक्षकास दिसत नाही, सोबत्यांस दिसते. मागच्या बाकावरची एखादी अबोल मुलगी, जिच्यापाशी रडणारे प्रत्येक मूल आपण होऊन जाते, तिचे नाव शिक्षकांच्या यादीत क्वचितच येते. वर्गाच्या यादीत ते येण्याचा संभव पुष्कळ अधिक.

हे केवळ तर्कावर सांगत नाही. राजस्थानात अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे 'बेअरफूट कॉलेज' नावाची संस्था आहे. दिवसा गुरे-शेळ्या राखणाऱ्या मुलांसाठी त्या संस्थेने रात्रीच्या शाळा चालविल्या, आणि १९९० नंतरच्या दशकात त्या शाळांतील मुलांची बालसंसद उभी राहिली. मुलांनी मतदान करून आपले प्रतिनिधी निवडावयाचे, आणि त्या प्रतिनिधींनी शिक्षक वेळेवर येतो की नाही, दिवा आहे की नाही, पिण्याचे पाणी आहे की नाही, यावर देखरेख करून तक्रार मांडावयाची, असा तो परिपाठ. जे काम शेळ्या राखणाऱ्या मुलामुलींकडून झाले, ते आमच्या सुस्थित घरांतील, तीन-तीन शिकवण्यांना जाणाऱ्या मुलांकडून होणार नाही, असे म्हणणे हा त्या मुलांचा आणि त्यांच्या शाळांचा अपमान आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निवडणूक म्हटली की गट आले, पैसा आला, जात आली, मारामारी आली. महाविद्यालयांत काय झाले ते विसरलात काय, असे विचारले जाते. विसरलो नाही. महाविद्यालयीन निवडणुकांत महाराष्ट्राने दंडेली पाहिली आहे, रक्तपातही पाहिला आहे. त्यावर उपाय म्हणून १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक वर्गातून गतवर्षीच्या परीक्षेतील गुणवत्तेवरून एक विद्यार्थी प्राचार्यांनी नेमावा, असे ठरविले. रोग जावा म्हणून अवयवच कापून टाकण्यातला हा प्रकार झाला. ज्यास गणितात सर्वाधिक गुण मिळाले तो वसतिगृहाच्या निकृष्ट जेवणाविषयी अधिकाऱ्यांशी भांडेलच, असा काही न्याय आहे काय? बिचारा अभ्यासू मुलगा त्या पदास भिऊन असे, आणि बाकीचे विद्यार्थी त्याचे नावही विसरून जात. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने निवडणुकीचे तत्त्व पुन्हा मान्य केले. २०१९ साली निवडणुका होणार असा गाजावाजा झाला, आणि त्या वर्षी त्या पुढे ढकलल्या गेल्या. १९९४ नंतर जन्मलेल्या पिढीने महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडून संसार थाटले, आणि मतपेटीचा पहिला अनुभव तिने एकदम विधानसभेच्या किंवा लोकसभेच्या निवडणुकीत घेतला. दंडेली थांबली म्हणून समाधान मानणाऱ्यांनी ही किंमतही हिशेबात धरावी.

वस्तुतः उपाय दुसरा होता आणि तो कागदावर आलाही होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आज्ञेवरून नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ साली महाविद्यालयीन निवडणुकांसाठी नियम सुचविले. दर उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत, छापील फलकांस मज्जाव, वर्गातील उपस्थिती किमान ७५ टक्के, अशा त्यांतील कित्येक तरतुदी साध्या व व्यवहार्य आहेत. शाळेत तर याहून सोपे. तेथे खर्चाची मर्यादा शून्य रुपये ठेवता येते. चॉकलेटे वाटणाऱ्याची उमेदवारी रद्द, हा नियम पहिल्या दिवशी जाहीर करावा आणि एकदाच कसोशीने अमलात आणावा. पुढील दहा वर्षे पुन्हा वाटप होणार नाही. जातीवर किंवा गल्लीवर मते पडतील अशी भीती असेल, तर ती गोष्ट शाळेत उघडकीस आलेली बरी, कारण तेथे निदान शिक्षक समजावयास उभा आहे. तिसाव्या वर्षी समजावणारा कोणी नसतो.

तिसरा आक्षेप पालकांचा, आणि तो मायेपोटी येतो. मूल हरले तर त्याच्या मनावर परिणाम होईल! आम्हांस याचे नवल वाटते. हेच पालक त्याच मुलास सहाव्या वर्षापासून शिष्यवृत्तीच्या, चित्रकलेच्या आणि नृत्याच्या स्पर्धांस बसवितात. तेथील पराभव त्यांस बाधत नाहीत. सोबत्यांनी न निवडण्याचे दुःख अधिक झोंबते, हे खरे. परंतु ज्या मुलास 'मला मते का पडली नाहीत' हा प्रश्न बाराव्या वर्षी पडला आणि ज्याच्या आईने त्यावर 'तुझ्याविरुद्ध कारस्थान झाले' असे न सांगता 'वर्गात तू कोणाच्या उपयोगी पडलास ते आठव' असे सांगितले, त्या मुलाचे भले झाले असे आम्ही समजू.

येथवर आम्ही निवडणुकीच्या विरोधकांशी बोललो. आता तिच्या हौशी भक्तांशी दोन शब्द बोलावयाचे आहेत, कारण त्यांच्याकडून होणारे नुकसान आम्हांस कमी वाटत नाही. काही शाळांत हल्ली निवडणूक मोठ्या थाटात होते. मोबाईलवर मतदानयंत्राची नक्कल असते, बोटास शाई लावतात, केंद्राधिकारी म्हणून मुले बसतात, आणि स्थानिक वर्तमानपत्रांत 'चिमुकल्यांनी अनुभवली लोकशाही' अशा मथळ्याखाली वृत्तांत येतो. त्यानंतर मंत्रिमंडळ स्थापन होते आणि तेथेच कथा संपते. स्वच्छतामंत्र्यास शौचालयाच्या तुटलेल्या कडीविषयी तक्रार नोंदविण्याचा अधिकार नसतो. क्रीडामंत्र्यास चेंडूच्या कपाटाची किल्ली मिळत नाही. वर्षभर मंत्रिमंडळाची एकही बैठक होत नाही. अशा निवडणुकीतून मूल काय शिकते? मत देणे हा एक दिवसाचा उत्सव आहे, शाई वाळली की आपले काम संपले आणि निवडून गेलेल्याचेही काम संपले, हेच. मोठेपणी हीच समजूत घेऊन ते मतदानाच्या दिवशी बोटाचे छायाचित्र काढते आणि पाच वर्षे स्वस्थ बसते.

म्हणून आम्ही सुचवितो ते असे. प्रथम पदाचे काम कागदावर लिहून काढावे, आणि त्यातून फळ्यावर नावे लिहिण्याचे काम कायमचे वगळावे. गैरहजर सोबत्यास टिपणे पोहोचविणे, वर्गाची अडचण शिक्षकांपुढे मांडणे, नव्या मुलास शाळा दाखविणे, खेळाच्या सामानाचा हिशेब ठेवणे, ही कामे त्यात असावीत. पात्रतेच्या अटी अगोदर जाहीर कराव्या. गुणांची अट नसावी. प्रत्येक उमेदवाराने वर्गापुढे पाच मिनिटे बोलावे आणि वर्गाच्या प्रश्नांस उत्तरे द्यावी. मतदान गुप्त व्हावे आणि मोजणी वर्गातच, मुलांच्या देखत व्हावी. निवडून आलेल्याने महिन्यातून एकदा दहा मिनिटे उभे राहून काय केले ते सांगावे. दिवाळीच्या सुटीनंतर वर्गाचा विश्वास पुन्हा अजमावावा, आणि तो नसेल तर नवी निवड करावी. मुलगा आणि मुलगी असे दोघे प्रतिनिधी असावेत, हे सांगावयास नकोच. या योजनेस एका पैशाचाही खर्च नाही. फक्त शिक्षकाने आपला हात आवरण्याची तयारी पाहिजे, आणि ती पैशाहून दुर्मिळ आहे, हे आम्ही जाणतो.

शिक्षकांचा शेवटचा प्रश्न असा असेल की, वर्गाने एखादा उनाड मुलगा निवडला तर? तर त्यास तीन महिने काम करू द्यावे. अंगावर जबाबदारी पडल्याने उनाड मुलगा सुधारल्याची उदाहरणे प्रत्येक जुन्या शिक्षकाच्या गाठी असतात. आणि तो न सुधारला तर दिवाळीनंतर वर्ग त्यास काढील. आपण निवडलेला मनुष्य अयोग्य निघाला हे पाहणे, त्याची लाज वाटणे, आणि त्यास नियमाने, शिवीगाळ न करता, बाजूस सारणे, याहून मोलाचा धडा नागरिकशास्त्रात दुसरा नाही. शिक्षकाने सुयोग्य मुलगा नेमून दिला तर वर्ग या धड्यास मुकतो.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनासमितीस बजावले होते की, घटनेस अनुसरून वागण्याची नीती माणसाच्या अंगी आपोआप येत नाही. ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांनी ती अद्याप शिकावयाची आहे. कोलंबिया विद्यापीठात ज्या जॉन ड्युईंपाशी ते शिकले, त्यांचे 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन' हे पुस्तक १९१६ सालचे. लोकशाही ही राज्यपद्धती असण्यापूर्वी एकत्र जगण्याची रीत आहे, आणि ती शाळेतच लागते, हा त्यातील विचार. ही जोपासना कोठे व्हावयाची? आपण ती वर्तमानपत्रांवर, न्यायालयांवर आणि निवडणूक आयोगावर सोपवून मोकळे झालो आहो, आणि ज्या एका जागी ती सहज व्हावी त्या वर्गाच्या खोलीत मात्र अर्नोल्डसाहेबांची हुकमत चालू ठेवली आहे.

पालकांकडे आमचे एक मागणे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ज्या शाळांस व्यवस्थापन समिती नेमणे भाग पडले, तेथे त्या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकांतून असावेत असे ठरविले, आणि ते योग्यच आहे. आपल्या मुलाच्या शाळेविषयी बोलण्याचा हक्क पालकांस हवाच. मग जे मूल दिवसाचे सहा तास त्या शाळेत काढते, त्यास आपल्या वर्गापुरता तो हक्क का नसावा? येत्या जूनमध्ये आपल्या पाल्याच्या छातीवर बिल्ला लागलेला पाहून छायाचित्र काढण्यापूर्वी त्यास एवढेच विचारावे: 'तुला कोणी निवडले?' 'बाईंनी' असे उत्तर आले, तर आनंदाचा पेढा जरूर खावा; परंतु दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन, वर्गातील बाकीच्या पन्नास मुलांस का विचारले नाही, असा प्रश्न मुख्याध्यापकांस करावा. आपले मूल निवडले गेले असताना जो पालक हा प्रश्न करील, त्याच्याच प्रश्नास शाळेत वजन येईल.